सहा टन लाकूड, जत्रेच्या गुरुवारपर्यंत

माणूस आणि इतर प्राणी यांच्यात खरा फरक एकच आहे: माणसाचा विस्तवावर ताबा असतो. आमच्या घरात हा ताबा गेली अकरा वर्षं माझ्याकडे होता, आणि तो काढून घेण्याचा ठराव एप्रिलच्या पहिल्या रविवारी नाश्त्याच्या टेबलावर मांडण्यात आला. ठराव मांडला माझी बायको रोवेना हिनं. अनुमोदन तिच्या थंडीनं दुखणाऱ्या गुडघ्यांनी दिलं. विरोधात एक मत पडलं, ते मोजण्यात आलं नाही.

"गेल्या वर्षी लाकूड कधी संपलं?" तिनं विचारलं.

"सप्टेंबरच्या सुमारास."

"तीन सप्टेंबरला. आणि थंडी कधी संपली?"

"आता टास्मानियात थंडी संपते असं म्हणणं हे शास्त्राच्या दृष्टीनं—"

"लिंडसे."

"ऑक्टोबरात."

मग तिनं अट घातली. या वर्षी एकदा भरलेलं लाकूड जत्रेच्या गुरुवारपर्यंत पुरलं, तर दिवाणखान्यातली लाकडाची शेगडी राहील. त्याआधी संपलं, तर शेगडी उचलून बाहेर ठेवायची आणि भिंतीवर विजेचा हीट पंप लावायचा. मध्येच गुपचूप आणखी एखादी खेप आणलेली चालणार नाही.

हीट पंपाविषयी माझी मतं सौम्य आहेत. भिंतीवर टांगलेलं ते केस वाळवायचं यंत्र आहे, एवढंच मी म्हणतो. त्याच्यासमोर कुणी पाय पसरून बसत नाही. त्यात कुणी ओंडका सारत नाही, त्याच्याकडे बघत कुणी गप्प राहत नाही. पन्नाशी उलटलेल्या, होबार्टच्या जमीन-नोंदणी कचेरीत दुसऱ्यांच्या कुंपणांचे नकाशे तपासणाऱ्या माणसाला घरी आल्यावर चिमट्यानं निखारे उलटवण्याइतकी तरी सत्ता हवी. मी अट मान्य केली.

आमच्या स्कॅमेल्स क्रीक गावात अँझॅक या सैनिक-स्मृतिदिनाच्या आधी, म्हणजे पंचवीस एप्रिलच्या आधी, कुणी शेगडी पेटवत नाही. हा कायदा नाही. कायदा असता तर लोकांनी मोडला असता. एप्रिलच्या मध्याला, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या थंडीच्या तोंडाला, डोंगरावर बर्फ दिसायला लागतं, दुधाच्या बाटलीपेक्षा माणूस गार पडतो, तरी सगळी गल्ली लोकरीच्या टोप्या घालून खिडकीत उभी राहते आणि पहिला धूर कुणाच्या धुराड्यातून निघतो याची वाट पाहते. दुसरं टोक जत्रेच्या गुरुवारचं. होबार्टची मोठी जत्रा ऑक्टोबरात असते. त्या गुरुवारच्या आधी टोमॅटो लावतो तो उतावळा, आणि त्यानंतर शेगडी पेटवतो तो आजारी. या दोन तारखांच्या मध्ये दिवस येतात एकशे ब्याऐंशी.

लाकूड आणून टाकलं डार्सी ग्रफनं. आमच्या खोऱ्यात लाकूड टनावर विकतात, आणि डार्सीकडे पाहिल्यावर हीच पद्धत योग्य वाटते. त्यानं ट्रक मागं घेतला, हौदा उचलला आणि सहा टन निलगिरी माझ्या गाडीच्या पुढ्यात अशी ओतली की दोन दिवस गाडी गॅरेजातच राहिली.

"सुकं आहे ना?" मी विचारलं.

"हाडासारखं, साहेब."

"हात लावला तर ओलं लागतंय."

"दव आहे ते."

"डार्सी, दुपारचे दोन वाजलेत."

"उशिराचं दव आहे," तो म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला.

पुढचे दोन शनिवार-रविवार मी शेडमध्ये रास रचली. आमच्याकडे माणसाची रास बघून माणूस ओळखतात. त्यामुळे रास कुणाला एकट्यानं रचता येत नाही. पहिल्यांदा आला शेजारचा मर्व्ह डिरीन. वय अठ्ठ्याहत्तर, सगळं आयुष्य जंगलखात्यात गेलेलं, आणि स्वतःच्या शेडमध्ये पुढच्या नऊ हिवाळ्यांचं लाकूड लावून ठेवलेलं. आपल्या लाकडांची वयं तो लोक नातवंडांची सांगतात तशी सांगतो.

"साल वर ठेव, बाबा," मर्व्ह म्हणाला. "पाऊस सालीवरून वाहून जातो."

"शेडला छप्पर आहे, मर्व्ह."

"छपराचा काय भरवसा."

तो गेला आणि पलीकडच्या थर्झाबाई क्लेनेट आल्या. या गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या कप्तान आहेत आणि बोलतातही समोरच्याचं घर पेटलं असावं अशाच. "साल वर? कुणी सांगितलं? मर्व्हनं? साल खाली हवी. ओल वरून निघते." या एका प्रश्नावर आमच्या गल्लीत दोन साखरपुडे मोडले आहेत असं सांगतात. मी कुणाचंच मन मोडायला नको म्हणून सगळे ओंडके साल कडेला येईल असे रचले. त्यामुळे दोघंही नाराज झाले, पण निदान सारखे नाराज झाले.

आता नियोजन. सहा हजार किलो भागिले एकशे ब्याऐंशी, म्हणजे दिवसाला तेहतीस किलो. इतकं सोपं गणित आजवर गल्लीत कुणी का केलं नव्हतं याचं मला आश्चर्य वाटलं. न्हाणीघरातला वजनकाटा मी शेडमध्ये नेला. रोवेनाला आता स्वतःचं वजन पाहायचं तर पावसातून शेडपर्यंत जावं लागणार होतं. ती हिवाळाभर गेली नाही, आणि याबद्दल ती मनातून माझी आभारी असावी. पहिल्या उत्साहात मी चाळीसेक ओंडक्यांच्या तोंडावर खडूनं एकेकाचं वजनही लिहिलं. मग खडू संपला.

पंचवीस एप्रिलला, पहाटेच्या सैनिकी मानवंदनेहून परत आल्यावर, गावातल्या सगळ्यांनी एकदमच शेगड्या पेटवल्या. आमची पेटली नाही. म्हणजे पेटली, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. ओंडका आत शिट्टी वाजवत बसला. त्याच्या टोकातून फेस यायला लागला. काचेच्या दारापलीकडे एवढंसं निळं काहीतरी हललं आणि दार काळं झालं.

"ही काय ज्योत आहे?" रोवेनानं विचारलं.

"सुरुवात आहे."

मे उजाडला तरी सुरुवातच चालू होती. मर्व्ह म्हणाला, "गावच्या कौन्सिलकडे लाकडातली ओल मोजायचं यंत्र असतं. फुकट देतात. अर्ज कर." या देशात 'अर्ज कर' हे शब्द ऐकले की माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं. अर्ज दोन पानांचा होता. सातव्या रकान्यात शेगडीच्या पट्टीवरचा नंबर मागितला होता. पट्टी शेगडीच्या मागच्या अंगाला, आणि मागं विटांची भिंत चार बोटांवर. मी रोवेनाच्या पर्समधला आरसा काढला, पोटावर पालथा झालो, एका हातात टॉर्च धरला आणि नऊ आकडे एका दमात उतरवून घेतले. यात कोपराची सालटं गेली. अर्ज स्वतः नेऊन दिला.

चौदा मेला कौन्सिलचं पत्र आलं. आपण दिलेल्या नंबरची कोणतीही शेगडी मान्यताप्राप्त यादीत आढळत नाही. सबब तपासणी होईपर्यंत ती पेटवू नये.

तेरा दिवस आमची शेगडी बेकायदेशीर होती. मी कायदा पाळणारा माणूस आहे, आणि खरं सांगायचं तर मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेरा गुणिले तेहतीस, चारशे एकोणतीस किलो लाकूड एक काडीही न ओढता वाचलं होतं. हे मी रोवेनाला जेवताना सांगितलं. ती ओव्हरकोट आणि हातमोजे घालून मटारचे दाणे काट्यावर घेण्याचा प्रयत्न करत होती.

"लिंडसे, तू हिशेब करतोस, त्यात मी कुठं आहे?"

"म्हणजे?"

"काही नाही. मीठ दे."

सत्तावीस तारखेला कौन्सिलच्या तपासनीस बाई आल्या. नाव ब्रॉनविन टाँकिन. वय माझ्या निम्मं. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, खिशातून फोन काढला, हात मागं घालून एक फोटो काढला आणि तो वाचला. या सगळ्याला चार सेकंद लागले.

"शेगडी मान्यताप्राप्त आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही नंबर उलटा लिहिलात."

"आरशातून वाचला."

"का?"

"मागच्या बाजूला होता म्हणून."

त्यांनी रोवेनाकडे पाहिलं. रोवेनानं छताकडे पाहिलं. मी विषय बदलला. "आणि ते ओल मोजायचं यंत्र?"

"एकच आहे आमच्याकडे. तुमचा नंबर सदतिसावा आहे. तो सरळ वाचलाय मी."

जूनमध्ये मी निष्कर्ष काढला की दोष लाकडात नसून हवेत आहे. शेगडीची हवेची झडप मी कधी पूर्ण उघडायचो, कधी पूर्ण बंद करायचो; दर वीस मिनिटांनी उठायचो, काडी घालायचो, बसायचो, पुन्हा उठायचो. रोवेनानं पुस्तक मिटून विचारलं की मी स्वतःला गरम ठेवतोय की खोलीला. एका दुपारी झडप बंद असताना धुराड्यातून असा पिवळट धूर निघाला की खालच्या हमरस्त्यावरून जाणाऱ्या कुणा भल्या माणसानं फोन केला आणि घंटा वाजवत अग्निशमन दल आमच्या फाटकात उभं राहिलं. दलात तीन माणसं: हेल्मेट घातलेल्या थर्झाबाई, हेल्मेट घातलेला मर्व्ह आणि हेल्मेटात न मावणारा डार्सी ग्रफ.

"लिंडसे, घर पेटलंय का?" थर्झाबाईंनी पाइप धरून विचारलं.

"नाही. शेगडी पेटली आहे."

"नक्की पेटली आहे ना?"

तिघंही आत आले. शिट्टी वाजवणाऱ्या ओंडक्यासमोर तिघं ओळीनं, मान किंचित झुकवून उभे राहिले. आजाऱ्याच्या खोलीत लोक असेच उभे राहतात.

"डार्सी," मी म्हणालो, "हे लाकूड तुझं आहे."

"असेल. पण मी आत्ता त्या कामावर नाही, साहेब."

"ओलं आहे ते."

"अग्निशमन दलाच्या दृष्टीनं," डार्सी म्हणाला, "ओलं चांगलंच."

जुलै मी आकड्यांवर काढला. रोज तेहतीस किलो, काट्यावर मोजून, टोपलीत भरून, आत. एक किलो जास्त नाही. पाहुणे आले तर मी त्यांच्यासमोर हात चोळत शेगडीपासून दूर बसायचो, म्हणजे ते लवकर उठत. हळूहळू लाकूड पेटायलाही लागलं. फेस थांबला, शिट्ट्या थांबल्या. याचं श्रेय मी माझ्या हवा सोडण्याच्या पद्धतीला दिलं आणि कचेरीत तीन जणांना ती पद्धत शिकवली.

ऑगस्टमध्ये मात्र मला चैन पडेना. कागदावर सगळं ठीक होतं, पण शेडमध्ये गेलो की रास खुजी वाटायची. मी अंतर पावलांनी मोजायचो, मग परत यायचो, मग चहा टाकून पुन्हा जायचो. शेवटी एका शनिवारी सगळी रास उतरवली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा मोजली. हिशेबानं उरायला हवं होतं दोन हजार सातशे किलो. उरलं होतं सतराशे पासष्ट.

नऊशे पस्तीस किलो लाकूड गेलं होतं. एवढं लाकूड कुणी खिशात घालून नेत नाही. त्याला सवड लागते, ट्रेलर लागतो आणि आमच्या शेडकडे येण्याची सवय लागते. ही सवय एकाच माणसाला होती. मर्व्ह रोज कुंपणातल्या फाटकातून येऊन, 'कसं काय चाललंय?' म्हणत राशीला हात लावून जायचा. शिवाय त्याच्या धुराड्यातून निघणारा धूर अलीकडे मला फार सुखी दिसत होता.

मी तीन दुपारी रजा टाकून शेडमध्ये कोपऱ्यातल्या पिंपामागं थर्मास घेऊन बसलो. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक पॅडेमेलॉन आला. हा आमच्याकडचा गुडघ्याएवढा कांगारू असतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मला तिथं बसण्याचा हक्क आहे की नाही याचा विचार केला आणि गेला. तिसऱ्या दिवशी मर्व्ह आला, राशीला हात लावला आणि पिंपाकडे न बघता म्हणाला, "थंडी वाजेल तिथं." आणि गेला. हा मला कबुलीजबाबच वाटला.

चौथ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा ओतला. मी बोलण्याची तयारी आदल्या रात्रीच करून ठेवली होती. कुठंही चोरी हा शब्द नव्हता.

"मर्व्ह, तुमच्या शेडमधलं लाकूड वाढलंय का हो?"

"लाकूड शेडमध्ये वाढत नाही, बाबा. झाडावर वाढतं."

"माझं कमी झालंय. नऊशे पस्तीस किलो. मी आपला आकडा सांगतोय फक्त."

मर्व्हनं कप खाली ठेवला. टोपी घातली. तो फाटकातून माझ्या शेडमध्ये गेला, मागोमाग मी. त्यानं राशीतून खडूनं लिहिलेला एक ओंडका ओढला. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: चार किलो शंभर. त्यानं तो काट्यावर ठेवला. तीन किलो शंभर. दुसरा काढला. पाच सहाशे लिहिलं होतं, भरलं चार दोनशे. तिसरा त्यानं काढला नाही, त्याची गरज नव्हती.

"एप्रिलमध्ये ओलं होतं," तो म्हणाला. "आता सुकलं. तुझे नऊशे पस्तीस किलो म्हणजे पाणी आहे, लिंडसे. मी नेलं नाही. हवेनं नेलं. आणि तू रोज वजनावर जाळतोयस. एप्रिलमध्ये तेहतीस किलोत सात ओंडके मावायचे, आता दहा मावतात. रास संपणारच. हे मी तुला जुलैतच सांगितलं असतं, पण तू विचारलं नाहीस. तू पिंपामागं बसलास."

तो गेला. जाताना त्यानं कुंपणातलं फाटक लावून घेतलं. अकरा वर्षांत ते फाटक कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याला कडी आहे हेही मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी पाचला थर्झाबाईंचा फोन. "मर्व्हला तू चोर म्हणालास?"

"मी आकडा सांगितला."

"कुणाला सांगितलास?"

मी खिडकीतून बंद फाटकाकडे पाहिलं.

"मग काय करायचं ते तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ठाऊक होतं. आमच्या गल्लीत माफी तोंडानं मागत नाहीत. तोंडानं मागितली तर समोरच्याला काहीतरी बोलावं लागतं, आणि ते आमच्याकडे फार अवघड समजतात. ट्रेलरभर लाकूड न्यायचं, त्या माणसाच्या फाटकाशी उतरवायचं आणि उभं राहायचं. विकत घेऊन न्यायचं नाही, स्वतःच्या राशीतलं न्यायचं. ज्याच्याकडे नऊ हिवाळ्यांचं लाकूड पडलंय त्यालाही हेच न्यायचं. माझ्या ट्रेलरमध्ये सहाशे किलो मावतं. चौसष्ट दिवस उरले होते आणि, मोजणीनंतरचे पाच दिवस जाळून, सोळाशे किलो.

मी घरात तीनदा इकडून तिकडे गेलो. रोवेना पाहत होती. तिला सगळं कळलं होतं, पोस्टातल्या बाईकडून.

"किती न्यावं लागेल?" तिनं विचारलं.

"सहाशे किलो."

"मग उरेल हजार. हरशील तू."

"हो."

"नेतोयस?"

"न्यावंच लागेल. त्यानं फाटक लावलंय, रोवेना."

मी शेडमध्ये जाऊन राशीच्या मागच्या बाजूचे ओंडके ट्रेलरमध्ये टाकायला लागलो. मागचे अजून थोडे ओलसर होते. पण लाकूड ते लाकूड. पाच-सात टाकले असतील, एवढ्यात मागून आवाज आला, "ते नकोत. पुढचे घे. सुके." रोवेना रबरी बूट घालून दारात उभी होती. मग तिनंच हातमोजे चढवले आणि निम्मा ट्रेलर भरला. जाता जाता वजनकाट्यावर उभी राहिली, आकडा पाहिला आणि तो मला सांगितला नाही.

मर्व्ह फाटकाशी आला. मी एकेक ओंडका उतरवत होतो. मदत करायची नाही असा रिवाज आहे, त्यामुळे तो फक्त पाहत होता. शेवटचा ओंडका ठेवून मी सरळ झालो. त्यानं एका ओंडक्याची साल बोटानं खरवडली.

"तू साल कडेला ठेवून रचलं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"शुद्ध वेडेपणा."

म्हणजे मिटलं. दुसऱ्या दिवशी कुंपणातलं फाटक उघडं होतं. माझे सहाशे किलो त्यानं नऊ हिवाळ्यांच्या मागं, दहाव्या जागी लावले. "तोवर मी नसलो तरी हरकत नाही," तो म्हणाला, "लाकूड असेल."

आता दिवसाला पंधरा किलो सहाशे. एवढ्यात एक खोली गरम होत नाही, खोलीला थंडी वाजते आहे एवढंच कळतं. मर्व्हनं धीर दिला, "सुकं आहे, कमी लागेल," आणि ते खरं होतं; पण कमी म्हणजे किती कमी हे त्यानं सांगितलं नाही. आम्ही साडेसातला झोपायला लागलो. बाकी वेळ मी ऊब शोधत गावभर फिरायचो. सप्टेंबरात मी दोन अंत्यविधींना गेलो, कारण सभागृहातलं गरमीचं यंत्र उत्तम आहे. त्यातल्या एका गृहस्थांना मी जिवंतपणी पाहिलंही नव्हतं, पण त्यांच्या बहिणीनं माझा हात धरून 'तुम्ही शेवटपर्यंत बसलात' म्हटलं. थर्झाबाईंकडे चहाला जायचो. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बोलायला येतोस की वितळायला?" मी म्हणालो, दोन्ही. "मग आधी वितळ," म्हणून त्यांनी खुर्ची पुढं सारली.

एका दुपारी डार्सीनं फाटकाशी ट्रक थांबवला. खिडकीतून मान बाहेर काढून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "साहेब, एक टन टाकतो शेडच्या मागं. बाईंना कळायचं नाही."

"हाडासारखं सुकं?"

"नाही, हे खरोखर सुकं आहे."

एवढा प्रामाणिकपणा डार्सीनं आयुष्यात पहिल्यांदाच दाखवला असेल. मी ट्रकभोवती एक फेरी मारली. एका ओंडक्याला हात लावला. कोरडा, हलका, ठोकला तर खणखणीत. मी दुसरी फेरी मारली. डार्सी इंजिन चालू ठेवून वाट पाहत होता. तिसऱ्या फेरीला मी म्हणालो, "जा तू. लवकर जा." तो गेला, आणि मी अर्धा तास फाटकातच उभा होतो, कारण घरात बाहेरच्यापेक्षा गार होतं.

सप्टेंबरच्या अखेरीला कौन्सिलचं ओल मोजायचं यंत्र आलं. माझा नंबर लागला होता. ब्रॉनविनबाईंनी स्वतः आणून दिलं. मी उरलेल्या ओंडक्यांत त्याच्या दोन सुया टोचल्या. सोळा टक्के. "छान," त्या म्हणाल्या, "जाळायला अगदी योग्य आहे. आता घ्या विकत." मी त्यांना सांगितलं की हे विकत घेऊन पाच महिने झाले. त्यांनी ते कुठंतरी लिहून घेतलं.

ऑक्टोबरात मी रात्री उठून मोजायचं सोडलं, कारण मोजायला फारसं उरलं नव्हतं. वीस तारखेला बासष्ट किलो. एकवीसला सत्तेचाळीस. बावीसला बर्फगार पाऊस पडला आणि रोवेनाचे हात निळे झाले. मीच टोपलीत जास्तीचा ओंडका टाकला, मग आणखी एक, आणि म्हटलं, हरलो तर हरलो. रात्री शेडमध्ये जाऊन पाहिलं. अकरा किलो. तीन ओंडके.

जत्रेच्या गुरुवारी ऊन पडलं. सव्वीस अंश. वर्षातला पहिला असा दिवस की माणूस बिनबाह्यांचा बाहेर येतो. मर्व्ह टोमॅटोची रोपं घेऊन आला, थर्झाबाई शिंपल्यांचं सारण भरलेले पॅटिस घेऊन आल्या, डार्सी बिअर घेऊन आला आणि सगळे बाहेर गवतावर बसले, कारण मी आत शेगडी पेटवली होती. पेटवायची गरज नव्हती. लाकूड पुरलं होतं, ते तीन ओंडके पुरावा म्हणून ठेवूनही चाललं असतं. पण एकशे ब्याऐंशी दिवस एखाद्या गोष्टीसाठी काढल्यावर ती न पेटवता सोडणं मला जमेना. आग अशी लागली की काय सांगू. पिवळी, स्वच्छ, धूर नाही. ती पाहायला आत कुणीच थांबू शकलं नाही.

रोवेना मात्र आली. दारात उभी राहून, घाम पुसत, तिनं माझ्याशी हस्तांदोलन केलं. "जिंकलास," ती म्हणाली. "मनापासून सांगते. मर्व्हला लाकूड नेलंस त्या दिवशी मला वाटलं, हा हरला. आणि बरं वाटलं, तू हरलास तरी." मी चिमट्यानं एक निखारा उगाचच उलटवला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता फाटकाशी एक पांढरी व्हॅन थांबली. तिच्यातून शिडी आणि खोकं घेऊन दोन माणसं उतरली. एकानं कागदावरचं आमचं आडनाव वाचून विचारलं, "पायबस? हीट पंप. कुठं लावायचा?"

"चूक होतेय तुमची," मी म्हणालो.

"त्या भिंतीवर," रोवेना मागून म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"नोंदणी मार्चमध्ये केली होती," ती म्हणाली. "प्रतीक्षा यादी सात महिन्यांची आहे."

"अट तू एप्रिलमध्ये घातलीस."

"अट शेगडीची होती. शेगडी राहील. तू जिंकलास ना? चहा कुणाकुणाला?"

मी चहा करायला गेलो. यंत्र बसवायला त्यांना दोन तास लागले. खोली एकवीस अंशांवर यायला नऊ मिनिटं.